बोली लावण्याआधी सोन्याचा हिशेब मांडा

तुम्ही कळवलंय की एका ऑनलाइन लिलावात १८ कॅरेटचं, बारीक हिऱ्यांचं, नामांकित कंपनीचा शिक्का असलेलं ब्रेसलेट तुमच्या मनात भरलंय. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला पत्नीला ते द्यायचंय. विक्रेत्याने वजन ३२ ग्रॅम सांगितलंय. शोरूमच्या किमतीच्या चौथ्या हिश्श्यात, लिलाव थांबवून तुम्हालाच देतो, फक्त पैसे थेट खात्यात भरा, असा त्याचा निरोप आहे. त्यासाठी अडीअडचणीची मुदत ठेव मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका. भेट द्यायची इच्छा अगदी योग्य आहे, पण हा व्यवहार योग्य नाही.

साधा हिशेब करू. १८ कॅरेट म्हणजे २४ भागांत १८ भाग सोनं, म्हणजे ७५ टक्के. खड्यांचं किरकोळ वजन सोडलं तर ३२ ग्रॅममध्ये जवळपास २४ ग्रॅम शुद्ध सोनं हवं. तुम्ही कळवलेली रक्कम आजच्या भावाने या २४ ग्रॅमच्या किमतीपेक्षाही कमी आहे. हिरे, घडणावळ, कंपनीचं नाव यांचं मोल तर अजून धरलंच नाही. वितळवून जास्त पैसे मिळणारा दागिना कोणी अनोळखी माणसाला स्वस्तात का देईल? चालू लिलावात बोली कमी दिसणं नेहमीचंच आहे, शेवटच्या तासात ती चढते. मला खटकतो तो त्याचा भाव आणि लिलावाबाहेर पैसे मागणं. बहुतेक लिलाव संकेतस्थळांचं खरेदीदाराला असलेलं संरक्षण त्यांच्यामार्फत पैसे भरले तरच लागू होतं. थेट खात्यात गेलेले पैसे परत आणणं फार अवघड असतं.

फोटोतल्या ‘७५०’ या शिक्क्यावर तुमचा भरवसा दिसतो. हा आकडा हजारात ७५० भाग सोनं, एवढंच सांगतो, आणि तो ठोकायचं साधन कोणालाही मिळतं. कंपनीचं नाव आणि अनुक्रमांकही अस्सल नगावरून उतरवून घेता येतात. शिक्क्याच्या शेजारी ‘जीपी’ किंवा ‘एचजीई’ अशी अक्षरं दिसली तर तो मुलामा. पिवळ्या दागिन्यावर ‘९२५’ असेल तर आत चांदी आहे.

हिऱ्यांसोबत जीआयएचा, म्हणजे हिरे तपासून प्रतवारी ठरवणाऱ्या संस्थेचा, अहवाल आहे, असं विक्रेता म्हणतो. क्रमांक जीआयएच्या संकेतस्थळावर टाकून पाहाच, पण तेवढ्यावर थांबू नका. अहवाल खरा आणि खडा दुसराच, असंही होतं. म्हणून अहवालातलं वजन आणि मापं जाणकाराकडून खड्याशी ताडून घ्यावी लागतात. असा अहवाल सहसा मोठ्या सुट्या हिऱ्याचा असतो, त्यामुळे बारीक खड्यांच्या ब्रेसलेटला एकच अहवाल कसा, हेही विचारा. उष्णतेवर चालणारा साधा डायमंड टेस्टर मॉयसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यालाही, हिरा म्हणतो. भिंगातून मॉयसनाइटच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात.

पुढे कधी दुसरीकडे असा दागिना घेतलात, तर घरी एक चाचणी जरूर करा. भांड्यात पाणी घेऊन ते वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. दागिना दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितकं पाणी त्याने बाजूला सारलं. १८ कॅरेट सोनं पाण्याच्या पंधरा-साडेपंधरा पट जड असतं, म्हणून ३२ ग्रॅमच्या भरीव नगाला आकडा साधारण २ यायला हवा, खडे असतील तर थोडा जास्त. पितळ असेल तर ४ च्या जवळ जाईल. मात्र पोकळ नगात हवा अडकते, आणि टंगस्टन या धातूची घनता शुद्ध सोन्याच्या इतकी जवळ असते की भरीव २४ कॅरेटच्या नगात ते या चाचणीतूनही निसटतं. शेवटचा शब्द सराफाच्या किंवा प्रयोगशाळेच्या तपासणीचा, आणि ती परतीची मुदत संपण्याआधी झाली पाहिजे. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. वाद झाला तर तोच कामी येतो.

आता पैशांचं. दागिना अस्सल निघाला तरी तो आपत्कालीन निधीची जागा घेऊ शकत नाही. परत विकायला गेलात तर बहुतेकदा धातूचाच भाव मिळतो आणि लिलावाचं कमिशन, विम्यासह पाठवणीचा खर्च अंगावर पडतो. ठेव तशीच ठेवा. भेटीसाठी आत्ता हाताशी असलेल्या बचतीतूनच रक्कम ठरवा आणि तेवढ्यात बसणारा, तपासणी आणि परतीची लेखी हमी असलेला दागिना शोधा. बिनखड्यांचा असेल तर पारखायलाही सोपा.

तरीही मन या ब्रेसलेटमध्येच अडकलं असेल, तर आज रात्री विक्रेत्याला तीनच प्रश्न पाठवा: पैसे लिलावाच्या संकेतस्थळामार्फत घ्याल का, तिऱ्हाईत प्रयोगशाळेच्या तपासणीत नग नापास झाला तर पूर्ण रक्कम परत द्याल का, आणि आजची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारी, काट्यावर ठेवलेल्या नगाचा फोटो द्याल का. त्याचं उत्तर आलं की मला कळवा. तोवर ठेवीला हात लावू नका.