कॅनडातल्या सनशाइन कोस्ट रीजनल डिस्ट्रिक्टचा कारभार कोण बघतं?

तुम्ही विचारलंय की नोकरीसाठी इकडे यायचा विचार आहे, तर या डिस्ट्रिक्टला आपल्यासारखा कलेक्टर असतो का, आणि व्हँकुव्हर इतकं जवळ असून बोटीनेच का यावं लागतं. मी याच डिस्ट्रिक्टमधल्या सीशेल्ट गावात राहते, त्यामुळे दोन्हीबद्दल सांगते.

आधी बोटीचं. हे बेट नाही, मुख्य भूमीच आहे. पण मध्ये हाऊ साउंडची खोल खाडी आणि तिच्या कडेला उभे डोंगर, त्यातून रस्ता झालेला नाही. व्हँकुव्हरजवळच्या हॉर्सशू बेहून इकडच्या लँगडेलला फेरीबोटीने साधारण ४० मिनिटं लागतात. तिथून हायवे १०१ धरून उत्तरेला निघालात की अर्ल्स कोव्हला रस्ता पुन्हा पाण्यात संपतो आणि पॉवेल रिव्हरकडे जायला दुसरी बोट धरावी लागते. २०२१च्या जनगणनेतली ३२,१७० माणसं बहुतेक याच हायवेच्या आसपास, किनाऱ्याला धरून राहतात. मागे सगळं जंगल.

कलेक्टर नाही. त्यातल्या त्यात जवळची गोष्ट म्हणजे जिल्हा परिषद, पण अधिकार बरेच कमी. रस्ते ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे, पोलीस आरसीएमपीचे, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाचे, शाळांचं मंडळ वेगळं. १९६७ साली हा डिस्ट्रिक्ट झाला तो मुख्यतः नगरपालिकेबाहेरच्या वस्तीला पाणी, कचरा, अग्निशमन अशा सोयी मिळाव्यात म्हणून. कारभार बघणाऱ्या बोर्डावर नऊ डायरेक्टर: पाच ग्रामीण विभागांतून थेट निवडून आलेले, दोन सीशेल्ट नगरपालिकेचे, एक गिब्सन्स गावाचा आणि एक शीशाल्ह नेशनचा. शीशाल्ह हे इथले मूळ रहिवासी, १९८६च्या कायद्याने त्यांना स्वतःचं सरकार मिळालं. मला या व्यवस्थेतली सगळ्यात न्याय्य गोष्ट वाटते ती ही, की प्रत्येक सेवेचा हिशेब वेगळा असतो. ज्या विभागाला सेवा मिळते त्यानेच तिचा खर्च उचलायचा. पेंडर हार्बरच्या माणसाला रॉबर्ट्स क्रीकच्या अग्निशमन दलाचा कर पडत नाही.

हे सगळं खरं कसाला लागतं ते पाण्यावर. हिवाळ्यात इथे पावसाची झड थांबत नाही, आणि उन्हाळ्याच्या शेवटी कोकणातल्या मे महिन्यासारखी गत होते. बोर्डाचं बरंचसं पाणी चॅपमन क्रीकमधून येतं. त्याच्या उगमाकडचं चॅपमन तलाव प्रांताच्या राखीव उद्यानात आहे, म्हणजे तिथे साठा वाढवायचा तर बोर्डाच्या एकट्याच्या हातात काही नाही. २०२२च्या ऑक्टोबरात पाणी इतकं आटलं की स्थानिक आणीबाणी जाहीर करून बिअर गाळणाऱ्यांपासून पोहण्याच्या तलावांपर्यंत अनेकांचं पाणी बंद करावं लागलं. पाण्यावरचे निर्बंध चौथ्या, म्हणजे सगळ्यात कडक टप्प्यावर गेले की घराबाहेरचा नळ उघडायचाच नाही. तेव्हा तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी बादलीत धरून मी कढीपत्त्याच्या कुंडीला घालते, शेजारीही टोमॅटो असेच जगवतात. त्याच काळात गिब्सन्समध्ये परिस्थिती बरी असते, कारण त्या गावाला जमिनीखालचा स्वतःचा चांगला साठा आहे.

म्हणून घर बघायला याल तेव्हा भाड्याच्या आधी दोन गोष्टी विचारा: घर नगरपालिकेत येतं की ग्रामीण विभागात, आणि नळाला पाणी बोर्डाचं, गिब्सन्सचं की विहिरीचं. शिवाय व्हँकुव्हरला रोज कामाला जायचं असेल तर शेवटची बोट किती वाजता सुटते ते बघूनच नोकरीला हो म्हणा.