हॅच-स्लॅक मार्गातील स्लॅक यांनी पुढे कोणते संशोधन केले?

आपण विचारले आहे की, सी-४ वनस्पतींच्या (ज्या हवेतला कार्बन आधी चार कार्बनी आम्लात पकडतात, उदा. ऊस) धड्यात ज्यांचे नाव येते ते स्लॅक पुढे काय करत होते आणि वनस्पतींतील तेलांवर संशोधन करण्यात कोणाचे अख्खे आयुष्य खरोखर जाऊ शकते का. मी वनस्पतींचे जीवरसायनशास्त्र शिकवतो. या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच माणसाच्या कारकिर्दीत मिळते, म्हणून ते एकत्रच लिहितो.

रॉजर स्लॅक (१९३७–२०१६) मूळचे इंग्लंडचे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी हॅल हॅच यांच्याबरोबर उसाच्या पानांवर काम केले आणि १९६६ साली हॅच-स्लॅक मार्गाचा तो प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला. उसाच्या पानात कार्बन प्रथम चार कार्बनी आम्लांत शिरतो, हे हवाई बेटांवरील कोर्टशॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच पाहिले होते. हॅच आणि स्लॅक यांनी पानाला काही क्षण किरणोत्सारी कार्बन डायऑक्साइड देऊन, त्यातला कार्बन पुढे एका संयुगातून दुसऱ्यात कसा सरकतो याचा क्रम लावला. ही पद्धत लक्षात ठेवा, कारण स्लॅक यांनी आयुष्यभर तीच वापरली.

१९७०च्या सुमारास ते न्यूझीलंडमधील पामर्स्टन नॉर्थ येथील सरकारी संस्थेत गेले आणि तेथे ग्रॅटन रफन यांच्याबरोबर त्यांनी मेदाम्लांचा, म्हणजे तेल आणि पटले ज्यांपासून बनतात त्या आम्लांचा, अभ्यास सुरू केला. कोडे असे होते की, हरितलवकाच्या पटलांतील गॅलॅक्टोलिपिडांत (साखर जोडलेल्या मेदद्रव्यांत) बहुअसंतृप्त, म्हणजे एकाहून अधिक दुहेरी बंध असलेली, मेदाम्ले भरपूर असतात. पण कोवळ्या पानाला किरणोत्सारी अ‍ॅसिटेट (मेदाम्लांचा कच्चा माल) दिले, तर ती किरणोत्सारी खूण आधी फॉस्फॅटिडिलकोलिन या पटलातील फॉस्फरसयुक्त मेदद्रव्यात दिसते आणि गॅलॅक्टोलिपिडांत बऱ्याच तासांनी पोहोचते. हे फॉस्फॅटिडिलकोलिन मुख्यतः हरितलवकाबाहेर तयार होते. मेदाम्ले हरितलवकात तयार होतात, त्यांतील काही बाहेर आंतर्द्रव्यजालिकेत (पेशीतील पटलांच्या जाळ्यात) जातात, तेथे फॉस्फॅटिडिलकोलिनवर बसलेली असतानाच ओलेइक आम्लाचे (एक दुहेरी बंध) लिनोलेइक आम्ल (दोन दुहेरी बंध) होते आणि मग डायअ‍ॅसिलग्लिसेरॉलचा, म्हणजे दोन मेदाम्ले जोडलेल्या ग्लिसेरॉलचा, सांगाडा हरितलवकात परत येतो, असे चित्र यातून उभे राहिले. काही वनस्पतींत याच्या जोडीला हरितलवकातला दुसरा मार्गही मोठ्या प्रमाणात चालतो. पालक त्यांतलाच, मका मात्र जवळजवळ पूर्णपणे बाहेरच्या मार्गावर अवलंबून असतो. या दोन मार्गांची मांडणी रफन आणि स्लॅक यांनी १९८२ साली एका समीक्षालेखात केली आणि त्या विषयाचा अभ्यास आजही तिथूनच सुरू होतो.

बियांवरचे त्यांचे काम मला अधिक मोलाचे वाटते. सोयाबीन आणि जवसाच्या कोवळ्या दलिकांना (बीमधील डाळिंब्यांना) त्यांनी खूण केलेले अ‍ॅसिटेट आणि ग्लिसेरॉल अशी दोन्ही द्रव्ये दिली आणि फॉस्फॅटिडिलकोलिन हे केवळ पटलाचे घटकद्रव्य नसून तेल बनण्याच्या वाटेवरचा टप्पा आहे, हे १९७८मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी करडईच्या दलिकांमधून वेगळ्या केलेल्या सूक्ष्म पटलांवर त्यांनी त्या असंतृप्तीकरणाचा, म्हणजे ओलेइकचे लिनोलेइक होण्याचा, पुरावा दिला. मराठवाडा-विदर्भात पिकणाऱ्या करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश लिनोलेइक आम्ल असते, ते नेमके याच टप्प्यावर तयार होते.

त्याच काळातले एक काम कमी माहीत आहे, पण मी ते विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. मेथॅनॉलयुक्त द्रावकाने कोवळ्या सोयाबीनमधून लिपिडे (मेदद्रव्ये) काढली, तर बियांतले एक विकर (एन्झाइम) त्या वेळीही क्रियाशील राहते आणि जिवंत बीमध्ये नसलेली फॉस्फोलिपिडे नळीतच तयार होतात, हे या गटाने दाखवून दिले. विकर आधी निष्क्रिय केले नाही, तर पुढची सगळी मोजमापे व्यर्थ जातात.

त्यांचे तरुण सहकारी जॉन ब्राउझ नंतर अमेरिकेत गेले आणि तेथे ख्रिस सॉमरव्हिल यांच्याबरोबर त्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या लहान वनस्पतीच्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) रोपांतून हे मार्ग जनुकांच्या पातळीवर तपासले. फॉस्फॅटिडिलकोलिनवरील ओलेइक आम्लात दुसरा दुहेरी बंध घालणाऱ्या विकराचे जनुक, म्हणजे एफएडी-२, १९९४ साली हाती आले. भारतातील गिरनार-४ आणि गिरनार-५ या भुईमुगाच्या जातींत याच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, म्हणून त्यांच्या तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि ते तेल लवकर खवट होत नाही.