सतराव्या शतकातल्या विनोदी नाटकांत वर्गसंघर्ष नेमका कुठे दिसतो?

उधारीच्या वहीत. फ्रेंच नाटककार मोलिएरचं ‘ल बुर्झ्वा जांतिय्योम’ (१६७०) घ्या. कापडवाल्याचा मुलगा जूर्दँ याला काहीही करून उमराव व्हायचंय. काउंट दोरांत ‘आज सकाळीच राजाच्या दालनात तुमचा विषय काढला होता’ अशी थाप मारतो आणि पैसे उकळतो. तिसऱ्या अंकात जूर्दँ हिशेब वाचतो: रोख ४६० लुई (सोन्याची नाणी), म्हणजे तेव्हाच्या फ्रेंच चलनात ५,०६० लिव्र, शिवाय पिसंवाला, शिंपी, दुकानदार, खोगीरवाला यांची भागवलेली बिलं. एकूण १५,८०० लिव्र. दोरांत शांतपणे म्हणतो, आणखी २०० पिस्तोल (हीही सोन्याची नाणी, इथे २,२०० लिव्र) द्या, म्हणजे बरोबर १८,००० होतील! बायको बजावते, हा तुमची दुभती गाय करतोय.

मोलिएर फक्त नवश्रीमंतांना हसतो, हे वाचन अर्धवट आहे. इथला उमराव चक्क भामटा आहे, आणि शहाणपण आहे ते जूर्दँच्या बायकोकडे नि मोलकरणीकडे. शिवाय प्रश्न नुसत्या मिरवण्याचा नव्हता: उमरावांना ‘ताय’ हा कर माफ असे, म्हणून १६६०च्या दशकात सरकारने तोतया उमरावांच्या चौकशा लावल्या होत्या.

याहून कडू हवं असेल तर ‘जॉर्ज दांदँ’ (१६६८) वाचा. श्रीमंत शेतकरी दांदँ कफल्लक उमराव खानदानाची मुलगी करतो. तिचा प्रियकर उघडउघड घरात डोकावतो, पण तो पडला उमराव. म्हणून सासरा माफी मागायला लावतो ती दांदँलाच, टोपी हातात घेऊन, शब्द न् शब्द पढवून.