डायलिसिस सेंटरच्या फळ्यावर वडिलांचा आजार

प्रश्न : माझे वडील (वय 61) तीन वर्षांपासून एका खासगी सेंटरमध्ये आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेतात. गेल्या महिन्यात त्यांची हिपॅटायटिस बीची तपासणी पॉझिटिव्ह आली. लगेच बाहेरच्या फळ्यावर शिफ्टच्या यादीत त्यांच्या नावापुढे लाल अक्षरांत ‘एचबी पॉझिटिव्ह’ असे लिहिले गेले आणि टेक्निशियनने तीच यादी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. गावात बातमी पसरली, आमच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक येईनासे झाले. आता वडिलांना वेगळ्या खोलीत बसवतात, त्याचे जादा पैसे मागतात आणि आठ दिवसांत दुसरे सेंटर बघा म्हणतात. ‘इतर रुग्णांना कळण्याचा हक्क आहे’ असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. वडिलांना पुन्हा सर्वांबरोबर बसवावे आणि नुकसानभरपाई मिळावी, यासाठी काय करता येईल? (एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा)

उत्तर : वडिलांना पुन्हा सर्वांबरोबर बसवण्याची मागणी आपण सोडून द्यावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या पृष्ठभागावरही किमान सात दिवस टिकतो आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या रक्ताच्या अंशातूनही पसरू शकतो. त्यामुळे अशा रुग्णासाठी वेगळी खोली, वेगळे मशीन, वेगळी साधने आणि त्या शिफ्टपुरते शक्यतो वेगळे कर्मचारी ठेवणे, तसेच त्याचा डायलायझर (रक्त गाळणारा भाग) पुन्हा न वापरणे, ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. तिला आपण भेदभाव म्हटले, तर समोरचा वकील नेमके तेवढेच वाक्य उचलून धरेल आणि बाकीची तक्रार, जी खरोखर भक्कम आहे, बाजूला पडेल. हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्ही असता तर उत्तर वेगळे आले असते. त्या दोन्हींत नेहमीची खबरदारी काटेकोर पाळली तर वेगळ्या मशीनची गरज नाही, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, जरी आपल्याकडील अनेक सेंटर सीसाठीही मशीन वेगळे ठेवत असली तरी.

आता फळ्याचा मुद्दा. संसर्ग रोखण्यासाठी वडिलांचा अहवाल ज्यांना माहीत असणे आवश्यक आहे ते लोक मोजके आहेत: उपचार करणारे डॉक्टर, त्या शिफ्टच्या सिस्टर आणि टेक्निशियन, मशीन निर्जंतुक करणारा व कचरा हाताळणारा कर्मचारी. त्यांच्यासाठी फाइलच्या आतील खूण, खाटेचा क्रमांक किंवा फक्त कर्मचाऱ्यांना समजणारा रंग पुरेसा असतो. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना नाव आणि निदान कळल्याने एकही मशीन अधिक स्वच्छ होत नाही. वेगळ्या खोलीमुळे एखादा रुग्ण मनाशी अंदाज बांधेल, हे मात्र मान्य करावे लागेल; तो अंदाज कायदा थांबवू शकत नाही. सेंटरने स्वतःच्या हाताने लिहिणे आणि ग्रुपवर पाठवणे याचा जाब मात्र विचारता येतो.

डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या 2002 च्या विनियमांतील 7.14 हा विनियम इथे थेट लागू पडतो. उपचाराच्या ओघात कळलेले रुग्णाचे गुपित डॉक्टरांनी उघड करू नये, असे तो सांगतो. अपवाद तीनच आहेत: न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर व निश्चित धोका, आणि अधिसूचित आजार (म्हणजे शासनाला कळवणे बंधनकारक असलेला आजार). संसर्गजन्य आजाराची माहिती आरोग्य यंत्रणेला कळवणेही त्यात अपेक्षित आहे, आणि आरोग्य यंत्रणा म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुप नव्हे.

‘कळण्याचा हक्क’ सांगताना डॉक्टरांच्या वकिलांकडून सर्वोच्च न्यायालयाच्या 1998 मधील ‘मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड’ या निकालाचा आधार घेतला जाण्याची शक्यता आहे. त्यात एचआयव्हीबाधित व्यक्तीचे लग्न ठरले होते आणि माहिती उघड झाल्याबद्दल रुग्णालयाला दोषी धरले गेले नाही. पण तिथे धोका एका ओळखता येणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे नियोजित वधूला होता. त्याच तर्काने, आपल्या आईंना लस घेता यावी म्हणून डॉक्टरांनी त्यांना सांगितले असते, तर त्याला मी गोपनीयतेचा भंग म्हटले नसते. हॉलमधील रुग्णांचे संरक्षण मात्र लस, नियमित तपासणी आणि वेगळे मशीन यांनी होते. त्यांचा एक हक्क खराच आहे: सेंटरमध्ये संसर्गाचा नवा रुग्ण आढळला असून सर्वांनी पुन्हा तपासणी करावी, हे त्यांना सांगितले गेले पाहिजे, आणि ते कोणाचेही नाव न घेता सांगता येते.

एक उणीव आधीच सांगून ठेवतो. एचआयव्हीबाधितांसाठी 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात लेखी संमतीशिवाय माहिती उघड करण्यास मनाई आहे, भेदभावास बंदी आहे आणि तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. हिपॅटायटिस बीच्या रुग्णाला हे कवच नाही. सेंटरकडे खरोखर वेगळे मशीन नसते, तर दुसरीकडे पाठवण्याचा निर्णय चुकीचा ठरवणे कठीण गेले असते. आपल्या बाबतीत ते मशीन आहे आणि वापरातही आहे. शिवाय त्याच विनियमांतील 2.4 नुसार एकदा हाती घेतलेल्या रुग्णाची हेळसांड करता येत नाही आणि पुरेशी सूचना दिल्याशिवाय उपचार सोडता येत नाहीत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाला, दुसरीकडे जागा मिळाल्याची खात्री न करता आठ दिवसांची मुदत देणे, ही माझ्या मते पुरेशी सूचना नाही. जादा पैशांबाबत, उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होत असतील तर ते रोखरहित असतात. सेंटरमधील आरोग्यमित्राकडे (योजनेच्या प्रतिनिधीकडे) लेखी तक्रार द्यावी. स्वखर्चाने होत असतील, तर आकारणीचे लेखी दरपत्रक मागावे.

आपण विचारले नाही, पण विचारायला हवे होते असेही काही आहे: हा संसर्ग आला कोठून? तीन वर्षांपूर्वी दाखल होताना तपासणी निगेटिव्ह असेल, तर आधीचे सर्व अहवाल, लसीकरणाची नोंद आणि गेल्या सहा महिन्यांतील मशीननिहाय नोंदी महत्त्वाच्या ठरतील. वडिलांच्या सहीने कागदपत्रांचा अर्ज आजच द्यावा व पोच घ्यावी, विनियम 1.3.2 नुसार रुग्णाने मागितलेले वैद्यकीय अभिलेख 72 तासांत द्यावे लागतात. मशीननिहाय नोंदींत इतरांची नावे असल्याने त्या कदाचित ग्राहक आयोगामार्फतच मागवाव्या लागतील. अहवाल हाती येईपर्यंत ‘सेंटरनेच आजार दिला’ असे कोठेही लिहू नये.

फळ्याचे छायाचित्र काढले असेल तर ते जपून ठेवावे, पण त्यातील इतर रुग्णांची नावे झाकल्याशिवाय कोणालाही पाठवू नये; नाहीतर आपण ज्याबद्दल तक्रार करत आहोत तेच आपल्या हातून घडेल. ग्रुपवरील संदेश ज्या फोनवर आला तो फोन बदलू नये, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागेल.

वकिलामार्फत नोटीस देऊन यादी हटवणे, लेखी दिलगिरी आणि उपचार सुरू ठेवण्याची हमी मागावी. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे जाता येईल, परंतु टेक्निशियन तिच्या कक्षेत येत नाही आणि परिषद भरपाई देत नाही. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग हाच योग्य मार्ग आहे. कर्मचाऱ्याच्या कृत्याची जबाबदारी तिथे सेंटरवर टाकता येते. दुकानाच्या नुकसानीसाठी आधीच्या आणि नंतरच्या महिन्यांच्या विक्रीच्या वह्या जोडाव्यात, कारण तोंडी सांगण्याला फारसे वजन मिळत नाही. तक्रारीची मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. तक्रारीसोबतच वडिलांचे नाव कामकाजात गुप्त ठेवण्याचा स्वतंत्र अर्ज जोडावा. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये एका एचआयव्हीबाधित कामगाराला टोपणनावाने दाद मागू दिली होती, तो दाखला त्या अर्जात द्यावा.