आमच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघातला सात फुटी सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, सामन्याला 20 गुण काढतो. तो एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, चालेल का?

तुमचा सेंटर मी पाहिलेला नाही. पण याच प्रश्नावरून माझे आणि मावसभावाचे, म्हणजे दादाचे, दहा वर्षे वाजलेले आहे, म्हणून लिहितो.

2015 साली मी इंडियानात शिकत होतो आणि दादा शिकागोजवळ नेपरव्हिलला राहत असे. त्या मोसमात मी ड्यूक विद्यापीठाच्या जाहलिल ओकाफोरवर बेहद्द खूश होतो. रिंगकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, एका खांद्याने हूल द्यायची आणि बचाव करणारा हलला की दुसऱ्या बाजूने वळून चेंडू अलगद सोडायचा, हे इतक्या सफाईने करणारा एकोणीस वर्षांचा मुलगा मी पाहिला नव्हता. दादा मात्र केंटकी विद्यापीठाच्या कार्ल-अँथनी टाउन्सवर अडून बसला होता. टाउन्सची सरासरी जेमतेम 10 गुणांची आणि ओकाफोरची 17 ची, त्यामुळे मला यात वाद घालण्यासारखे काही दिसतच नव्हते. दादाने एवढेच विचारले, "फ्री थ्रो बघितलेस का दोघांचे?" फाउलनंतर कोणी न अडवता मारायचे हे फेक टाउन्सचे शंभरात ऐंशीच्या वर पडत होते, ओकाफोरचे कसेबसे निम्मे.

ड्यूकने इंडियानापोलिसला विस्कॉन्सिनला 68-63 असे हरवून विजेतेपद मिळवले आणि मी विजयी मुद्रेने दादाला फोन लावला. उत्तरार्धात ओकाफोर चार फाउल होऊन बराच वेळ बाकावर बसला होता, ही गोष्ट मी सोयीस्करपणे गाळली. एनबीएच्या निवडीत टाउन्स पहिला गेला, ओकाफोर तिसरा. ओकाफोरने पहिल्या वर्षी तिथेही 17 गुणांची सरासरी राखली, पण बचावात त्याला कुठे उभे करावे हे कोणालाच सुचेना आणि 2017 च्या डिसेंबरात त्याच्या संघाने, फिलाडेल्फियाने, त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकले. 2022 मध्ये टाउन्सने लांबून चेंडू टाकायची थ्री पॉइंट स्पर्धा जिंकली, तेव्हा मध्यरात्री दादाचा एका शब्दाचा निरोप आला: "पंचाहत्तर?" मी त्याच्याशी पैजेत हरलेले तेवढे डॉलर तोवर दिले नव्हते.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की, गुण बघूच नका. कॉलेजात बचाव करताना सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसू शकतो; एनबीएत कोणाला रोखत नसताना पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात, तीन सेकंदांहून अधिक थांबला, तर तांत्रिक फाउल होतो. शिवाय पेंटची रुंदी 12 ऐवजी 16 फूट असते, म्हणजे तीच जागा मिळवायला रिंगपासून आणखी दूर उभे राहावे लागते. समोरच्या संघाने स्क्रीन लावून, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला खेळाडू उभा करून, चेंडू खेळवणारा चपळ गार्ड थेट अंगावर सोडला की तुमच्या सेंटरचे पाय काय करतात ते पाहा, आणि नेम कसा आहे ते कळायला त्याचे फ्री थ्रो पाहा.

पर्ड्यू विद्यापीठाच्या सात फूट चार इंची सेंटरला, झॅक एडीला, मी 2024 च्या हिवाळ्यात त्यांच्या मॅकी अरेना या स्टेडियमात असेच पाहिले. दादाच्या मते तो दुसरा ओकाफोर होता, आणि त्याआधीच्या वर्षी फेअरली डिकिन्सनसारख्या सर्वात खालच्या, सोळाव्या मानांकनाच्या संघाने पर्ड्यूला 63-58 असे घरी पाठवल्यापासून तर त्याचा आवाज फारच चढला होता. मी मात्र स्क्रीननंतर एडी काय करतो तेवढेच पाहत होतो. तो गार्डवर धावून जात नव्हता. एक हात वर, दुसरा मांडीजवळ उघडा ठेवून लहान पावलांनी मागे सरकत होता, आणि गार्ड मारू की पास देऊ या विचारात शेवटी चेंडू घेऊन परत बाहेर जात होता. फ्री थ्रोही सत्तर टक्क्यांच्या वर. मेम्फिसने त्याला नववा निवडला आणि पहिल्याच वर्षी तो नवोदितांच्या सर्वोत्तम पाचात आला. दादाने यावर अद्याप चकार शब्द काढलेला नाही.

हे खरे की 2025 च्या उन्हाळ्यात एडीच्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि इतक्या उंच माणसाचे पाय किती वर्षे साथ देतील हे मॅकी अरेनाच्या बाकावरून दिसत नाही. तुमच्या सेंटरचे फ्री थ्रो किती टक्के पडतात, ते तुम्ही प्रश्नात लिहिलेलेच नाही.