विमा आधी, गाडी नंतर

प्रश्न : मुलगा गेल्या महिन्यात कॅनडात ब्रॅम्प्टनला गेला. बडोद्यात त्याने चार वर्षं गाडी चालवली आहे. तिथला एक डीलर दर पंधरवड्याला १८० डॉलरच्या हप्त्यावर सात वर्षांसाठी गाडी देतोय. घ्यावी का? — एक वाचक, मांजलपूर

उत्तर : आत्ता सही करू देऊ नका. आधी लायसन्स, मग विम्याचा भाव, आणि सगळ्यात शेवटी गाडी, असा क्रम ठेवा. तो उलटा केला की महिनोन्‌महिने पैसे जात राहतात.

हप्त्याचा हिशेब आधी समजून घ्या. दर पंधरवड्याला १८० म्हणजे महिन्याला ३६० असं आपल्या मनात येतं. पण वर्षात पंधरवडे २६ असतात. १८० गुणिले २६ म्हणजे ४,६८०, महिन्याला ३९०. सात वर्षांत १८२ हप्ते, म्हणजे ३२,७६० डॉलर. मुलाला डीलरला एवढंच विचारायला सांगा : कर धरून रोखीची किंमत किती, व्याजाचा दर किती, शेवटी एकूण किती भरायचे? तिन्ही आकडे कागदावर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. ब्रॅम्प्टन ज्या ओंटारिओ प्रांतात येतं, तिथे नोंदणीकृत डीलरने जाहिरातीतल्या किमतीत आपले सगळे चार्जेस धरायचे असतात, वरून फक्त १३ टक्के कर आणि नंबरप्लेटचा खर्च. ‘अ‍ॅडमिन फी’ म्हणून मागाहून काही जोडलं तर मुलाने नाही म्हणावं. आणि सही झाल्यावर ‘विचार बदलला’ म्हणून गाडी परत करण्याची मुदत तिथे नाही.

आता विमा. तो नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्याच गुन्ह्याला ५,००० ते २५,००० डॉलर दंड आहे. विम्याचा दर राहत्या भागाच्या पिनकोडवर, गाडीच्या मॉडेलवर आणि लायसन्सच्या वर्गावर ठरतो, आणि ब्रॅम्प्टन त्या बाबतीत महागडं. म्हणून गाडी पसंत पडली की तिचा १७ अक्षर-अंकी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) घेऊन तीन-चार ठिकाणी भाव विचारायचा, पैसे त्यानंतर. कायद्याने तिसऱ्या पक्षासाठी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) किमान दोन लाख डॉलरचं संरक्षण पुरतं, पण लोक दहा किंवा वीस लाखांचं घेतात, आणि ते योग्यच आहे. कर्जावर गाडी घेतली की कर्ज देणारा गाडीच्या नुकसानीचाही विमा मागतो, त्यामुळे हप्ता सोसला तरी विमा जड जातो. नवख्याने साधी, रोख घेता येईल अशी जुनी गाडी घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : तिथल्या लायसन्ससाठी दरजीपुऱ्याच्या आरटीओतून काय आणावं? — एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : नव्याने राहायला गेलेल्याला आपल्या चालू लायसन्सवर ओंटारिओत ६० दिवस गाडी चालवता येते. त्यानंतर तिथलं लायसन्स हवं, आणि ते जी-वन (शिकाऊ), जी-टू (मधलं), जी (पक्कं) अशा तीन पायऱ्यांनी मिळतं. जी-वनची लेखी परीक्षा आणि डोळ्यांची तपासणी भारतातून गेलेल्या सगळ्यांनाच. पुढच्या पायऱ्यांमधला थांबण्याचा वेळ आधीच्या अनुभवावर वाचतो. नुसतं लायसन्स दाखवलं तर जास्तीत जास्त एक वर्षाचा अनुभव धरतात. दोन वर्षांहून जास्त धरून घ्यायचा तर लायसन्स खरं असल्याचं पत्र लागतं. ते इथल्या आरटीओचं किंवा तिथल्या भारतीय वकिलातीचं, मूळ प्रत. मग थेट ‘जी’ची रस्त्यावरची परीक्षा देता येते. नापास झालं तर मात्र आधी जी-टूची द्यावी लागते.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. लायसन्सवरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळतं का? वडिलांचं नाव एकात मधे आणि दुसऱ्यात नाहीच, हा घोळ फार दिसतो. दुसरं, लायसन्स जुन्या पुस्तिकेतलं असेल तर ऑनलाइन नोंद आहे का? नसेल तर आधी ‘बॅकलॉग’ची नोंद करून घ्या, आणि पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख तिथे बरोबर आहे ना ते पाहा. अनुभव त्या तारखेपासूनच मोजतात.

परीक्षेत आपली मुलं ‘स्टॉप’च्या पाटीशी अडतात. वेग कमी करून पुढे सरकणं चालत नाही, चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. लेन बदलताना आरशात पाहून भागत नाही, मान वळवून खांद्यावरून पाहावं लागतं.

प्रश्न : घरगुती विक्रेता ९,००० डॉलरला गाडी देतोय. काय बघायचं? — एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर : बडोद्यात जुनी गाडी घेताना विश्वामित्रीच्या पुराचं पाणी शिरलं होतं का, ते पाहतो. तिथे मीठ पाहायचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि ते खालून पत्रा खातं. दाराखालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायची जागा, ब्रेकचे पाईप हे टॉर्च लावून बघायला सांगा. पट्टीवर चुंबक धरावा. तो चिकटला नाही तर रंगाखाली पत्रा नसून पुट्टी आहे. ब्रेक पाईपवर पापुद्रे सुटलेले दिसले तर गाडी सोडून द्यावी.

विक्रेत्याकडून यूव्हीआयपी नावाचा कागदांचा संच मागावा. तो देणं कायद्याने त्याच्यावर बंधनकारक आहे, खर्च २० डॉलर. त्यात आधीचे मालक, ओंटारिओतला बोजा आणि गाडीचा घाऊक भाव असतो. विक्रेत्याचं लायसन्स बघून नाव मालकाच्या नावाशी पडताळावं. नाव वेगळं आणि ‘मित्राची आहे’ असं उत्तर आलं, तर तो घरगुती विक्रेत्याच्या वेषातला दलाल असण्याची शक्यता मोठी.

कर विक्रीची किंमत आणि घाऊक भाव यांपैकी जास्त असेल त्यावर १३ टक्के लागतो. घाऊक भाव ११,००० असेल तर कर १,४३० होईल, ९,००० वरचा १,१७० नाही. म्हणून पावतीवर किंमत कमी लिहून काही साधत नाही. सेफ्टी सर्टिफिकेट ३६ दिवस चालतं, पण ती हमी नव्हे. तपासणीच्या दिवशी गाडी किमान निकषात बसली, एवढंच ते सांगतं. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजात वेगळी तपासणी करून घ्या. खरेदीनंतर सहा दिवसांत गाडी नावावर व्हायला हवी. जुनी नंबरप्लेट विक्रेता काढून घेतो, नवी स्वतःची लावायची.

हिवाळ्याचे टायरही याच बजेटात धरा. पारा ७ अंशांखाली गेला की साध्या टायरचं रबर कडक होऊन पकड जाते. बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण कोरलेलं चिन्ह असलेलेच घ्यावेत. विमा कंपन्यांनी त्यावर सवलत देणं ओंटारिओत २०१६ पासून बंधनकारक आहे, ती मागून घ्यावी.

प्रश्न : तिकडचा मावसभाऊ आपली गाडी फुकट देतोय. कर लागेल का? — एक वाचक, रावपुरा

उत्तर : लागेल. आई-वडील, नवरा-बायको, मुलं अशा जवळच्या नात्यात शपथपत्रावर कर माफ होतो. मावसभाऊ त्या यादीत नाही.