डब्लून म्हणजे कशाच्या दुप्पट?

प्रश्न असा आहे: बुडालेल्या जहाजात सापडलेल्या स्पॅनिश सोन्याच्या नाण्याला मराठीत 'डब्लून' म्हणावं की 'सुवर्णमुद्रा'?

सुवर्णमुद्रा म्हणा, निदान चुकणार तरी नाही. लिलावाच्या बातम्यांत दिसेल त्या स्पॅनिश नाण्याला डब्लून म्हणायची खोड लागली आहे. मूळ नाणं एस्कुदो, म्हणजे ढाल. राजाची ढाल वर असते म्हणून. (जुन्या गोवेकरांना शब्द ओळखीचा असेल, 1961 पर्यंतची शेवटची काही वर्षं तिथे एस्कुदो चालत होता.) स्पॅनिश एस्कुदोचं वजन 3.38 ग्रॅम. दोन एस्कुदोंचं, 6.77 ग्रॅमचं नाणं तो दोब्लोन, म्हणजेच इंग्रजीतला डब्लून. आठ एस्कुदोंची 27 ग्रॅमची ती ओन्सा. तिला स्पॅनिशमध्ये 'आठांचा दोब्लोन'ही म्हणत, पण 'आठांचा' या शेपटासकट. इंग्रजांनी शेपूट छाटलं आणि घोळ झाला. तेव्हा आधी वजन करा, मग नाव द्या.

नाण्यावर स्पेनचे राजा-राणी फर्डिनांड-इसाबेला यांचे दोन चेहरे होते म्हणून 'दोब्लोन', ही व्युत्पत्ती संग्राहक एकमेकांना ऐकवत असतात. मला ती मुळीच पटत नाही. चेहऱ्यांच्या त्या मोठ्या नाण्याचं नावही किमतीवरूनच 'दुप्पट' होतं. आणि आजच्या कोलंबियातल्या बोगोत्याच्या टांकसाळीत 1622 पासून पाडलेल्या दोब्लोनांवर एकीकडे ढाल, दुसरीकडे क्रूस. चेहरा औषधालाही नाही. सालही बहुधा नसतं, कारण वजन जुळवायला कातरीने कडा कापत, त्यात साल जाई.

खरी गंमत '-ओन' या प्रत्ययात आहे. तो वस्तू मोठी करतो. आपण लोटीचा लोटा करतो, सुरीचा सुरा करतो, तसंच. दोब्लोन म्हणजे 'मोठं दुप्पट'. याच प्रत्ययाच्या इटालियन भावाने 'साला'चा, म्हणजे दालनाचा, 'सालोने' केला. तो फ्रेंच-इंग्रजीतून फिरत आपल्याकडे केस कापायचं सलून झाला. बलूनही त्याच घरातला.

आणि केसांवरून आठवलं. स्पेनचा राजा पाचवा फिलिप याचं टोपधारी मुखचित्र ओन्सांवर आलं तेव्हा लोकांनी तिचं नाव ठेवलं 'पेलुकोना': पेलुका म्हणजे केसांचा टोप, पुढे तोच प्रत्यय, ओन्सा स्त्रीलिंगी म्हणून '-ओना'. आपली पुतळीही अशीच, व्हेनिसच्या नाण्यावरच्या आकृत्यांवरून पडलेलं नाव. मेक्सिकोत हे टोपवालं, यंत्रावर पाडलेलं गोल नाणं 1732 पासूनचं. त्याआधीचं वेडंवाकडं, कातरलेलं नाणं कुणी पेलुकोना म्हणून विकत असेल, तर टोप कुठाय ते विचारा.